सेनादोर बिघडला त्याची गोष्ट

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. ज्याला पहिल्या झटक्यात खरं वाटेल त्यानं जेवायला थांबू नये, सरळ डॉक्टरकडे जावं. बाकीच्यांनी बसा. फेजोआदा, म्हणजे काळ्या बीन्स आणि डुकराच्या मटणाचा रस्सा, शिजायला अजून वेळ आहे. डुकराचे कान मऊ झाल्याशिवाय दोना झुल्मिरा पातेल्याला कुणाला हात लावू देत नाही, आणि माझे कान तर ती कधीच पिळून मऊ करून बसली आहे.

"बोल, कोस्मे," दोना झुल्मिरा हातातला पाला चिरता चिरता म्हणाली. नव्वदीला आली बाई, पण पाला अजून दोऱ्यासारखा चिरते. "फक्त मीठ बेतानं घाल."

तर ओझेयास. आज तुम्ही त्याला रेडिओवर ऐकता. तो समुद्रापलीकडे जातो, तिथली माणसं तिकिटं काढून डोळे मिटून माना हलवतात. शहाणी माणसं लिहितात, ह्यानं आमच्या ढोलावरच्या सांबात परदेशी सोल-गाणं मिसळलं, जॅझ मिसळलं, अमुक केलं. बरोबर आहे. पण त्याच्या गाण्यात ताल पुढं निघून जातो आणि आवाज मागून निवांत येतो ना, पोटभर जेवलेल्या जावयासारखा, तो आवाज ह्या अंगणात एकदा गळा दाबून मारला जाणार होता. तो वाचवला एका पाखरानं. पाखराचं नाव सेनादोर.

"पाखरानं?" एदिमार म्हणाला. हा बस चालवतो. दिवसभर माणसांना पुढं सरका पुढं सरका म्हणून ह्याला कुणाची गोष्ट जागेवर उभी राहिलेली चालत नाही.

पाखरानंच. आता मधे बोलू नकोस.

त्या काळी ह्या सांबा मंडळाचा कारभारी होता उस्ताद बेल्मिरो, आम्ही त्याला मेस्त्री म्हणायचो, दोना झुल्मिराचा नवरा, देव त्याला स्वर्गात ढोल देवो आणि शेजाऱ्यांना कापूस. शनिवारी इथंच, ह्याच आंब्याखाली, टेबल मांडायचं. टेबलाभोवती डफ, ढोल, गिटार. आणि नियम एकच: मेस्त्री 'बस' म्हणाल्याशिवाय त्या टेबलाशी बसायचं नाही. भोवती उभं राहून खुशाल गा, नाचा, घाम गाळा, पण बसायचं नाही. एकदा पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला आले आणि चुकून बसले. मेस्त्रीनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि म्हणाला, "फादर, मी तुमच्या वेदीवर बसतो का?"

त्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. ओझेयासच्या बापाची, तिबुर्सियोची. एक पाय आखूड, त्याखाली सार्डिनच्या डब्याचं झाकण. तिबुर्सियो जन्मभर तिथं बसून गिटार वाजवत आला आणि एका शनिवारी गाणं संपवून, गिटार नीट भिंतीला टेकवून मग मेला. तालात मेला. तेव्हापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. म्हातारा लाउदेलिनो गिटार वाजवायचा तोसुद्धा शेजारी स्टूल घेऊन.

ओझेयासला ती खुर्ची हवी होती. दुसरं काही नको. पोरगा शहरात जाऊन आला होता. हॉटेलात जॅझवाल्यांच्या मागं वाजवलं, शनिवारच्या सोल-नाचांत गायला, तिथं अख्ख्या उपनगरातली काळी पोरं-पोरी केस फुगवून नाचायची. परत आला तेव्हा त्याचे केस एवढे होते की आधी केस गल्लीत शिरले आणि थोड्या वेळानं तो. टाचा अशा उंच की पाऊस आला तर पायाला कळायला वेळ लागायचा. पण गिटार बापाचीच. आल्या आल्या मेस्त्रीसमोर उभा राहिला.

"मेस्त्री, बाबांच्या खुर्चीवर बसू द्या."

"आधी वाजव."

ओझेयासनं वाजवलं. मेस्त्री ऐकत होता, माशातला काटा जिभेनं शोधावा तसा.

"हे काय होतं?"

"सांबा, मेस्त्री."

"सांबाला मी ओळखतो. त्याच्याबरोबर ही बाकीची मंडळी कोण आली होती?"

"थोडं जॅझ. थोडा सोल."

"मी बोलावलं होतं त्यांना?"

"मी आणलं."

"मग तूच त्यांना घरी सोडून ये. तुझ्या बापाचा सूर सरळ होता. तुझ्या सुराला कोपर फुटलंय. टेबलाशी बसलास तर शेजारच्याच्या बरगडीत घुसेल." आणि मग मेस्त्री त्याचं ठेवणीतलं वाक्य बोलला, ढोलवाले निवडताना बोलायचा ते: "ऐकणाऱ्याचं डोकं खोटं बोलतं, तोंड तर बोलतंच. पाय खोटं बोलत नाही. बघ माझा पाय. हलला?"

पाय हलला नव्हता. मेस्त्रीनं तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला होता हे मी पाहिलं होतं, पण मला कोण विचारतो? समोरचा दात तेव्हाच पडलेला, बोललो की निम्मी वाफ बाहेर.

आता सेनादोर. आमच्याकडे शहाण्या माणसाला दोन गोष्टी असाव्या लागतात, बायको आणि पिंजऱ्यातलं गाणारं पाखरू, कुरिओ. बायको गायली नाही तरी चालते. कुरिओ गायला पाहिजे, आणि तोही जुनं गाणंच, बापजाद्यांकडून आलेलं. एक सूर इकडचा तिकडं झाला की पाखरू जलशातून बाद. म्हणून पिंजऱ्यावर कापड. पाखरानं भलतंसलतं ऐकू नये. सेनादोर हा मेस्त्रीचा कुरिओ, दरसालचा विजेता. मेस्त्री त्याला सकाळचं ऊन द्यायला स्लॅबवर टांगायचा, शेजारी टेपरेकॉर्डर लावायचा, त्यात जुनं गाणं, आणि मग निवांत दाढी करायला जायचा.

शेजारची स्लॅब ओझेयासची. मधे कमरेएवढी भिंत.

वीज आमच्याकडे खांबावरूनच यायची. तो आकडा मी टाकला होता, आणि अभिमानानं सांगतो, तसा आकडा ह्या गल्लीत पुन्हा पडला नाही. एका आकड्यावर दोन्ही घरं. सकाळी ओझेयास स्लॅबवर अॅम्प्लिफायर लावायचा, आणि तो लावला की मेस्त्रीच्या टेपरेकॉर्डरचा जीव जायचा. जुनं गाणं जे टणाटण चाललेलं असायचं, ते लांबायचं, ओघळायचं, जांभया द्यायचं. आणि भिंतीपलीकडून ओझेयासची गिटार, आणि तो सोलवाला 'हूंऽऽ', पोटातून आलेला. सेनादोर बिचारा मान वाकडी करून दोन्ही ऐकायचा. त्याला वाटलं, जगाची चाल बदलली असावी.

"कोंबड्यांनी दोन बलकांची अंडी घातली हेही सांग," एदिमार म्हणाला.

घातली होती. सगळ्यांनी नाही. बरं, एकीनं.

मग पाखरांच्या जलशाचा रविवार आला. चौकात बदामाच्या झाडाखाली पिंजरे ओळीनं टांगलेले, पंच टोप्या काढून बसलेले, पोरांची तोंडं आयांनी दाबून धरलेली. मेस्त्री पांढऱ्या सुटात. पिंजऱ्यावर दोना झुल्मिरानं भरलेलं कापड, चारी कोपऱ्यांना गुलाब. मेस्त्रीनं कापड असं काढलं जसं नवरीच्या तोंडावरचं काढतात.

सेनादोरनं सुरुवात तर झकास केली. जुनं गाणं, खणखणीत. पंचांनी माना हलवल्या. आणि तिसऱ्या फेरीला पठ्ठ्या थांबला. छाती फुगवली. ताल जाऊ दिला पुढं. आणि मग मागून, सावकाश, डुलत डुलत आला. शेवटी एक गिरकी घेतली, ओझेयासची, कोपरासकट. आणि वर 'हूंऽऽ'.

मुख्य पंचानं काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मेस्त्री, हे पाखरू शनिवारी नाचायला वगैरे जातं का?"

बाद. विजेता सेनादोर बाद, चारचौघांत. मेस्त्री पिंजरा झाकून घरी निघाला तेव्हा लोकांनी वाटेत टोप्या काढल्या, प्रेत चाललंय असं समजून. दाराशी पोचल्यावर तो वळला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला:

"ज्यानं माझं पाखरू बाटवलं, तो सापडू दे. ह्या अंगणात त्याचा पाय पुन्हा पडणार नाही. त्याचा नाही, त्याच्या पोरांचा नाही!"

ओझेयास माझ्या शेजारी उभा होता. केससुद्धा खाली बसले होते.

"कोस्मे," तो म्हणाला, "बाबांची खुर्ची गेली माझी."

"तुझं नाव कुणी घेतलंय?"

"अजून नाही."

"मग गप्प बस आणि सरळ वाजवायला शीक."

मेस्त्रीनं सगळ्यांवर संशय घेतला. धोबिणीच्या रेडिओवर घेतला, पाद्रीबाबांच्या घंटेवर घेतला. एका संध्याकाळी तो माझ्याकडे टक लावून बघत होता, पण मग म्हणाला, "नाही, ह्याच्यात तेवढी कला नाही." मला आजही राग आहे त्याचा.

आणि सेनादोर मुका झाला. दाणा टिपेना, चोच उघडेना. मेस्त्री पिंजऱ्याशी बसून त्याला जुनं गाणं शिट्टीनं ऐकवायचा, पाखरू पाठ फिरवायचं. मग दोना झुल्मिरानंच फर्मान काढलं: कापड काढायचं नाही, त्याला अंधार पाहिजे, दाणापाणी मी बघेन. मेस्त्रीनं ऐकलं. ढोलाशिवाय दुसऱ्या कुठल्या बाबतीत तो बायकोसमोर मेस्त्री नव्हता.

त्याच आठवड्यात शनिवारी संत जॉर्जचा सण. वर्षातला मोठा दिवस, आठ गल्ल्यांची माणसं अंगणात येणार. आणि आदल्या दिवशी लाउदेलिनोच्या मनगटाला गांधीलमाशी चावली. मनगटाची पपई झाली. टेबल आहे, ढोल आहे, गिटार नाही.

मेस्त्रीनं ओझेयासला बोलावलं. बोलावताना चेहरा असा, की एरंडेल पितोय.

"बस खुर्चीवर."

ओझेयासला आधी कळलंच नाही.

"ऐकतोस ना? बस बापाच्या जागी. पण सरळ वाजव. एक सूर वाकडा आला, तर ही खुर्ची मी तोडतो आणि ह्याच पातेल्याखाली घालतो. बीन्स शिजतील, तिबुर्सियोचं नाव निदान पोटात जाईल."

ओझेयास बसला. मी पाहिलं, त्यानं बसायच्या आधी पायाखालचं सार्डिनचं झाकण हातानं चाचपलं.

"तू कुठं होतास?" एदिमारनं विचारलं.

मी वर, स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी. आकडा धरून. सणाला दिव्यांच्या माळा होत्या, कुणीतरी आकडा धरायला नको? टेबलाशी उभे राहणारे टेबल बघतात. वरून सगळं दिसतं. टाकीच्या बरोबर खाली, भिंतीच्या खिळ्याला, सेनादोरचा पिंजरा होता. कापड घातलेला. मेस्त्रीनंच आग्रहानं टांगला होता. सण आहे, चार सूर कानावर पडले तर बोलेल म्हणाला.

सांबा सुरू झाला. ओझेयास वाजवत होता, सरळ. इतकं सरळ की इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं. एकही चूक नाही, आणि आत कुणी माणूस नाही. लोक गात होते, पण एका डोळ्यानं पातेल्याकडे बघत गात होते. गाणं चांगलं असलं की कुणाला भूक लागत नाही.

मेस्त्री मोठा ढोल वाजवत होता आणि सारखा पिंजऱ्याकडे बघत होता. एक गाणं झालं. पिंजरा गप्प. दुसरं झालं, सेनादोरचं आवडतं. पिंजरा गप्प. तिसऱ्याला मेस्त्रीचा हात मंदावला. संपूर्ण उपनगराची छाती ज्या हातावर धडधडायची तो हात, सांगतो, ढोलावर नुसता पडून राहिला. डोळ्यांना पाणी. "कांदा," तो म्हणाला. अंगणात कांदा नव्हता.

टेबल थांबलं. ओझेयासनं मेस्त्रीकडे पाहिलं. मग पिंजऱ्याकडे. मग खाली, खुर्चीच्या आखूड पायाकडे. त्याला ठाऊक होतं, पाखराला काय ऐकवलं तर ते बोलेल. आणि ते बोललं की अख्ख्या अंगणाला कळणार, कुणी शिकवलं. खुर्ची गेली, अंगण गेलं, संत जॉर्ज गेला.

"मेस्त्री," तो म्हणाला, "बीन्सखालचा जाळ कमी झालाय. ही खुर्ची घाला."

आणि त्यानं तो सूर लावला. कोपरवाला. त्याखाली अंगठ्यानं धरलेला सांबाचा ताल तसाच, मेस्त्रीच्या ढोलासारखा, पण वरून तो सूर असा आळस देत उतरला की भिंतीवरच्या तसबिरीतला संत जॉर्जसुद्धा घोड्यावर जरा ऐसपैस बसला. मग आवाज. ताल जाऊ दिला पुढं, आणि आला मागून. 'हूंऽऽ'.

पिंजरा गप्प. ओझेयास पुन्हा गायला. पिंजरा गप्पच. मेस्त्री हळूहळू उभा राहिला, त्याला आता सगळं कळलं होतं. त्यानं पातेल्यातला डाव उचलला. गरम.

आणि तेवढ्यात कापडाखालून उत्तर आलं! तीच गिरकी, तोच डौल, सगळं कोपरासकट! आजारातून उठलेलं पाखरू, म्हणून शेवटी किंचित 'फुस्स' व्हायचं, किटलीसारखं, पण काय गायला! ओझेयासनं ओळ टाकली की कापडाखालून जोडओळ. ओझेयास चढला की पाखरू चढलं. शेजारच्या गल्लीतले कुरिओ गायला लागले, कोंबडे गायला लागले, पाद्रीबाबा गायला लागले, आणि ते तर लॅटिनमध्ये!

मेस्त्री डाव उगारून ओझेयाससमोर उभा. "तू!" म्हणाला. "तूच तो! माझं पाखरू!"

तेव्हा दोना झुल्मिरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "बेल्मिरो! खाली बघ!"

मेस्त्रीनं खाली पाहिलं. अंगणानं पाहिलं. मेस्त्रीचा पाय. डावा. ताल धरून, मालकाला न विचारता, मजेत उडत होता. त्यानं उजवा पाय त्यावर ठेवून पाहिला, तर उजवाही उडायला लागला.

बराच वेळ तो आपल्या पायांकडे बघत होता, जन्मभर जपलेली दोन गुरं शेजाऱ्याच्या शेतात शिरावीत तसा. मग डाव पातेल्यात ठेवला.

"बस," तो ओझेयासला म्हणाला.

"मी बसलोच आहे, मेस्त्री."

"मग ऊठ आणि पुन्हा बस. मघाशी गांधीलमाशीनं बसवलं होतं. आता मी बसवतोय."

ओझेयास उठला. पुन्हा बसला. आणि तो रडला, आणि त्यानंही कांद्याचंच नाव सांगितलं. आज जगात कुठंही वाजवत असला तरी संत जॉर्जच्या सणाला तो ह्याच खुर्चीवर येतो, ते तुम्ही बघताच.

मेस्त्री धावत पिंजऱ्याकडे गेला, कापड काढायला. तर दोना झुल्मिरानं येऊन त्याच्या हातावर चापट मारली. "हात लावू नकोस! बाळंतिणीसारखा दमलाय. उद्या बघ." आणि दुसऱ्या दिवशी कापड काढलं तर काय! सेनादोर टुणटुणीत! एका रात्रीत आनंदानं अंगावर भरला होता, रंग काळाभोर, आणि शेपटीचं तुटकं पीससुद्धा नवं आलेलं! मग पुढं किती वर्षं तो पठ्ठ्या...

"पुरे," दोना झुल्मिरा म्हणाली.

तिनं सुरी खाली ठेवली. पाला तसाच राहिला. एवढ्या वर्षांत पाला चिरताना तिनं सुरी खाली ठेवलेली मी पाहिली नव्हती.

"सेनादोर त्या बुधवारीच मेला, कोस्मे. मी त्याला साबणाच्या खोक्यात घालून पेरूखाली पुरलं. बेल्मिरोला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून कापड. सणाच्या दिवशी त्या पिंजऱ्यात नुसती काठी होती. दुसरं पाखरू मी रविवारी पहाटे बाजारातून आणलं. बेल्मिरो गेला, आता बोलायला हरकत नाही."

एदिमार माझ्याकडे बघायला लागला. मग तिच्याकडे. "मग दोना, कापडाखालून गायलं कोण?"

"खिडकीतून मला टाकी दिसायची," दोना झुल्मिरा म्हणाली. "टाकीमागं एक टोपी होती. मेस्त्री म्हणायचा त्याच्यात तेवढी कला नाही. कोस्मे, तोंड उघड आणि सगळ्यांसमोर एक शीळ घाल बघू. शेवटी 'फुस्स' झालं नाही, तर तुझं बाकीचं सगळं मी खरं मानीन."